मनगटावरील गांठ आणि तिचे वैद्य

सातपुड्याच्या पायथ्याशीं, वरूड तालुक्यांत, शेंदूरजनाघाट हें गांव आहे. त्याच अमरावती जिल्ह्यांत, तिवसा तालुक्यांत, शेंदूरजना बाजार नांवाचें दुसरें गांव असल्यानें घाटाखालच्या या गांवाचा उल्लेख ‘घाट’ या उपपदासह करावा लागतो. संत्र्याच्या कलमांसाठीं या गांवाची ख्याति दूरवर आहे. जंबेरीच्या कोवळ्या रोपाची साल धारदार चाकूनें चिरावयाची, तिच्याखालीं संत्र्याचा एकच डोळा अलगद सरकवावयाचा आणि वरून पट्टी आवळून बांधावयाची, एवढेंच तें काम. पण तें एका बैठकींत पुनःपुन्हा करावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं मनगट थोडें मागें वळतें व आंगठ्यावर भार येतो. ज्याचें पोट अशा कौशल्यावर चालतें त्याच्या मनगटाच्या पाठीवर एके दिवशीं बोराएवढा उंचवटा दिसूं लागला, तर घरांत काय होतें हें वऱ्हाडी माणसास सांगावयास नको. म्हातारी म्हणते, ‘लेप लाव.’ शेजारी म्हणतो, ‘एक बुक्की घाल, फुटून जाईल.’ कोणी डाग द्यावयास सांगतो, तर कोणी शस्त्रक्रियेसाठीं नागपूरची वाट दाखवितो. आणि ज्याचा हात तो मात्र रात्रीं दिव्यापुढें मनगट धरून एकच विचार करीत असतो, कीं ही गांठ कसली?

लेप, बुक्की, डाग आणि शस्त्र या चारही सल्ल्यांच्या पाठीमागें मोठा इतिहास आहे. त्यांतला एकही सल्ला वऱ्हाडांत नव्यानें जन्मलेला नाहीं, आणि त्यांतल्या एकालाही आजवर निर्विवाद यश आलेलें नाहीं.

प्रथम गांठ कसली तें पाहिलें पाहिजे. मनगट म्हणजे एकच सांधा नव्हे; आठ लहान हाडें परस्परांस बंधनांनीं जखडून झालेली ती एक रचना आहे. या सांध्यांभोंवतीं पातळ आवरण असतें व त्यांत वंगणासारखा थोडा द्रव असतो. या आवरणांतून किंवा कंडरेवरील वेष्टनांतून एक बारीक देंठ निघतो आणि त्याच्या टोंकाशीं लहानशी पिशवी तयार होते. तिच्यांतील द्रव सांध्यांतील द्रवापेक्षां पुष्कळ दाट, स्वच्छ आणि डिंकाच्या घट्ट पाण्यासारखा चिकट असतो. शंभरांतील साठ ते सत्तर गांठी मनगटाच्या पाठीवर, नौकाकृति व चंद्राकृति या दोन हाडांस जोडणाऱ्या बंधनावर उगवतात. कांहीं तळहाताच्या बाजूस, आंगठ्याच्या मुळाशीं, वैद्य जेथें नाडी पाहतात अगदीं तेथेंच येतात. कांहीं बोटांच्या मुळाशीं वाटाण्याएवढ्या व कठीण असतात. आणि उतारवयांत, संधिवातानें झिजलेल्या बोटाच्या शेवटच्या सांध्यापाशीं, नखाच्या मुळाजवळ एखादी येते व तिच्या दाबानें नखावर पन्हळ पडतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांत ही गांठ सुमारें तिपटीनें अधिक आढळते, आणि तिचें वय मुख्यतः विशीपासून चाळिशीपर्यंतचें. अंधारांत तिला विजेची बत्ती टेकविली तर आंतून ती उजळून निघते. कधीं ती वाढते, कधीं विश्रांतीनें लहान होते. कर्करोगाशीं तिचा कांहींही संबंध नाहीं. पाश्चात्य वैद्यकांत तिला गँग्लियन म्हणतात. मराठींत ‘पाण्याची गांठ’ म्हटलें कीं पुरे होतें. हाताच्या कष्टानें ती उत्पन्न होते असें लोक मानतात. तें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. पण कष्ट करणाऱ्या हातास ती जाचते, यांत शंका नाहीं.

शेंदूरजनाघाटच्या परिसराचें पाणी ज्या वर्धा नदीस जाऊन मिळतें ती मुलताईच्या बाजूस सातपुड्यांत उगम पावते. जुन्या ग्रंथांत तिचें नांव वरदा. या वरदेच्या तीरीं, सार्थ नांवाच्या स्थानीं, तेराव्या शतकांत केशव नांवाचा वैद्य राहत असे. औषधिद्रव्यांच्या गुणांवरील ‘सिद्धमंत्र’ हा त्याचा ग्रंथ. त्याचा पुत्र बोपदेव. याचें ‘मुग्धबोध’ व्याकरण पुढें बंगालच्या पाठशाळांपर्यंत पोंचलें, आणि त्यामुळें हा वैयाकरण मुळांत वैद्याचा मुलगा व स्वतःही वैद्य होता ही गोष्ट मागें पडली. बापाच्या ग्रंथावर त्यानें टीका लिहिली. शिवाय चूर्णें, गुटिका, अवलेह, घृतें, तेलें व काढे यांवर ‘शतश्लोकी’ रचिली. त्याचा आश्रयदाता हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री; त्यानेंही वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीका केली आहे. राजकारण, धर्मशास्त्र आणि वैद्यक हे तिन्ही विषय एकाच माणसास चालत, असा तो काळ होता. वाग्भटाच्या ग्रंथाच्या उत्तरस्थानांत ग्रंथीचे नऊ प्रकार सांगितले आहेत. तात्पर्य, वर्धेच्या खोऱ्यांतील शिकलेल्या वैद्यास गांठीचें शास्त्र परकें नव्हतें. आजच्या म्हातारीच्या हातांतला लेप हा त्याच विद्येचा, शेंकडों वर्षें हातोहात फिरून झिजलेला तुकडा म्हणतां येईल.

‘ग्रंथि’ या संस्कृत शब्दाचा अर्थच गांठ. त्यामुळें आजची ही पाण्याची गांठ प्राचीनांनीं जशीच्या तशी वर्णिली आहे असें झटकन् म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. सुश्रुतानें वातज, पित्तज, कफज, मेदोज आणि शिराज असे पांच ग्रंथि सांगितले, आणि त्यांत चरबीच्या गांठी आल्या, शिरांच्या गांठी आल्या, पिकणाऱ्या गांठीही आल्या. या पांचांपैकीं कोणत्या खणांत मनगटावरची गांठ बसवावी यावर वाद घालण्यांत फारसें हंशील नाहीं. ग्रंथकारांनीं तिचें करावयाचें काय, हें मात्र मोठ्या बारकाईनें सांगितलें आहे.

चरकसंहितेंत शोथाच्या अध्यायांत हा विधि येतो. गांठ पिकलेली नसेल तर प्रथम शेकावी. मग दगड, लांकूड, आंगठा किंवा दांडा यांनीं दाबून ती विरवावी. तेवढ्यानें न भागल्यास शस्त्रानें फाडून ती कोशासकट बाहेर काढावी, जागा डागावी आणि पुढें व्रणाप्रमाणें उपचार करावा. ‘कोशासकट’ या एका शब्दावर क्षणभर थांबण्यासारखें आहे. नुसता द्रव काढून टाकणें म्हणजे गांठ काढणें नव्हे. ज्या पिशवींत तो द्रव जमतो ती पिशवीच गेली पाहिजे, ही गोष्ट त्या शब्दांत आली. आणि लगेच पुढें इशारा दिला आहे, कीं न डागलेली किंवा थोडीशी जरी शिल्लक राहिलेली गांठ पुन्हा हळूहळू वाढूं लागते. म्हणून कुशल माणसानें ती सर्व बाजूंनीं निःशेष काढावी, मात्र शरीराचा तो भाग कोणता हें पाहून. आजच्या शस्त्रवैद्याची सगळी काळजी या दोन वाक्यांत सांठवलेली आहे.

सुश्रुतही दाबून विरविण्यासाठीं आंगठा, लोखंड, दगड आणि वेळूचा दांडा हीं साधनें सांगतो. पुढें जाऊन तो म्हणतो, कीं जी गांठ शमत नाहीं व पिकलेलीही नाहीं, ती मर्मावर नसेल तर चिरून काढावी, आणि रक्त थांबल्यावर डागावी. आतां मनगटाची खरी अडचण येथेंच सुरू होते. सुश्रुतानें शरीरांत एकशें सात मर्में मोजलीं आहेत. त्यांपैकीं आठ ‘रुजाकर’, म्हणजे दुखापत झाल्यास वेदना देणारीं. आणि त्या आठांत दोन मणिबंधाचीं, म्हणजे दोन्ही मनगटांचीं. या मर्मास धक्का बसला तर हात कुंठित होतो, त्याची हालचाल मंदावते, असें त्याचें म्हणणें. तेव्हां सुश्रुताचा अनुयायी मनगटावरील गांठीपुढें बसला, कीं ग्रंथानें दिलेली शस्त्राची परवानगी त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागानें परत घेतल्यासारखी होई. मागें उरे तें शेकणें, लेप लावणें आणि आंगठ्यानें दाबणें.

ही भीति अज्ञानाची नव्हती. तळहाताच्या बाजूची गांठ हातास रक्त पुरविणाऱ्या रोहिणीला अगदीं चिकटून, कधीं तिला वेढून बसलेली असते. आजही त्या बाजूस सुई टोंचण्यास वैद्य नाखूष असतात, आणि शस्त्रक्रियेपूर्वीं मनगटावरील दोन्ही रोहिण्या दाबून धरून एकेक सोडावयाची व तळवा पुन्हा लाल होतो कीं नाहीं तें पाहावयाचें, ही १९२९ साली अॅलन यानें सुचविलेली परीक्षा करतात. पाठीच्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येकांचें मनगट कांहीं काळ आंखडतें. ‘कुंठित’ हा सुश्रुताचा शब्द त्या स्थितीस पुरेपूर लागू पडतो.

डागाची गोष्ट निराळी आणि दुःखद आहे. चरक व सुश्रुत या दोघांनींही डागणें सांगितलें तें गांठ काढल्यानंतर, रिकाम्या झालेल्या जागीं, पिशवीचा अवशेष राहूं नये म्हणून. पुढें शस्त्र चालविणारा हात समाजांतून गेला. शवाचा स्पर्श, रक्ताचा विटाळ, शस्त्रकर्म करणाऱ्यास मिळालेलें हलकें स्थान, अशीं अनेक कारणें त्यास दिलीं जातात. शस्त्र गेलें आणि विस्तव तेवढा मागें राहिला. मूळ विधींतील शेवटची पायरी हाच संपूर्ण उपचार होऊन बसला, आणि कातडीवर दिलेला डाग आंतल्या पिशवीपर्यंत पोंचत नाहीं हें सांगणारा कोणी उरला नाहीं. याच जिल्ह्याच्या मेळघाटांत तान्ह्या मुलांच्या पोटावर तापलेल्या विळ्यानें चटके देण्याची ‘डंबा’ नांवाची रीत अलीकडच्या वर्षांतही वारंवार उघडकीस आली आहे. मनगटाच्या पाठीवर कातडी पातळ असते व तिच्या लगेच खालीं बोटें उचलणाऱ्या कंडरा असतात; तेथें दिलेला डाग गांठीस शिवत नाहीं, पण त्या कंडरांस जन्माचा जायबंदी करूं शकतो.

शेजाऱ्याची बुक्की मात्र हिंदुस्थानापेक्षां युरोपांत अधिक गाजली. तेथें घराघरांत जें सर्वांत जाड व जड पुस्तक असे तें म्हणजे बायबल. मनगट टेबलावर वांकवून ठेवावयाचें आणि वरून तो ग्रंथ आपटावयाचा, हा उपचार इतका रूढ झाला कीं त्या गांठीस इंग्रजींत बायबलचेंच नांव पडलें. आपल्याकडे बायबलची जागा मोल्सवर्थच्या कोशास सहज घेतां आली असती. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचें वजन त्या कामास पुरेसें आहे. तो उपचार अजिबात निष्फळ असे असेंही नाहीं. आघातानें पिशवी फुटते, द्रव भोंवतालच्या मांसांत पसरतो व जिरून जातो, आणि उंचवटा त्या क्षणीं नाहींसा होतो. पाहणाऱ्यांस तो चमत्कार वाटतो. परंतु पिशवीची भिंत व तिचा देंठ जागेवरच असतात. भिंत सांधली कीं द्रव पुन्हा सांठूं लागतो. त्यांत नेम चुकला तर हाड मोडण्याचेंही भय. म्हणून हा प्रकार आज वैद्य निषिद्ध मानतात.

युरोपांतील दुसरा जुना उपाय शिशाच्या पत्र्याचा. सातव्या शतकांतील पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याच्या ग्रंथांत तो आढळतो, आणि अठराव्या शतकांत जर्मन शस्त्रवैद्य हाइस्टर यानें तो पुन्हा सांगितला. रोज सकाळीं उपाशीपोटींची लाळ गांठीवर चोळावी व वर शिशाचा पत्रा कित्येक आठवडे बांधून ठेवावा, असें त्याचें मत. इतकें सांगून तो थांबला असता तर बरें होतें. पण वन्य पशूला, विशेषतः सांबराला, ज्या गोळीनें मारलें तीच गोळी कांहीं लोक पसंत करतात, आणि कांहीं जण मृत माणसाचा हात गांठीवरून फिरविण्यास सांगतात, हेंही त्यानें नोंदवून ठेवलें आहे. हा ग्रंथ १७४३ साली इंग्रजींत उतरला. त्या काळच्या लंडनमधील शिकलेल्या माणसानें वऱ्हाडांतील मंत्रतंत्रास हंसावें असें त्यांत कांहींच नव्हतें.

हे विचित्र उपाय कां टिकले याचें उत्तर गांठीच्या स्वभावांत आहे. ती आपण होऊनही जाते. पत्रा बांधून सहा महिने गेले व गांठ गेली, कीं श्रेय पत्र्यास; लेप लावून गेली तर लेपास; मंत्रानें गेली तर मांत्रिकास. ज्या रोगाचा कांहीं वेळां आपोआप अंत होतो त्या रोगावर उपायांचा तुटवडा कधींच पडत नाहीं.

शस्त्र मोकळेपणानें चालवितां येण्यास दोन गोष्टींची वाट पाहावी लागली. १८४६ साली बॉस्टन येथें ईथरनें रोग्यास बेशुद्ध करून शस्त्रक्रिया झाली, आणि पुढील वर्षीं एडिंबरो येथें क्लोरोफॉर्म वापरांत आलें. १८६७ मध्यें लिस्टरनें कार्बोलिक आम्लाच्या साह्यानें जखमेंतील पू टाळण्याची आपली रीति प्रसिद्ध केली. तोंपर्यंत मनगटाची गांठ चिरणें म्हणजे सांध्यास खिडकी पाडणें होतें. आंत पू झाला तर हात गेला, आणि कधीं कधीं जीवही. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्यें निघालें, त्यामुळें हे दोन्ही शोध तेथें लवकर येऊन पोंचले. नागपुरास मात्र वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली झालें. घाटाखालच्या गांवकऱ्याच्या दृष्टीनें शस्त्रक्रियेचा इतिहास तेव्हांपासून सुरू होतो म्हटलें तरी चालेल.

१८९३ साली लेडरहोज यानें असें मांडलें, कीं सांध्याजवळील तंतूंची जागोजाग झीज होऊन ते बुळबुळीत द्रवांत परिणत होतात. १९२८ मध्यें अमेरिकेंतील कार्प व स्टाउट यांनीं गांठीच्या उपचारांचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला. पुढें सुईनें द्रव ओढून आंत दाहक औषध घालण्याची लाट आली, आणि १९५० नंतर त्या जागीं कॉर्टिसोनच्या जातीचीं औषधें आलीं. कालांतरानें तुलना करून पाहतां नुसता द्रव ओढण्यापेक्षां औषधाचा विशेष गुण दिसला नाहीं. १९७६ मध्यें अँजेलाइड्स व वॉलेस यांनीं पाठीवरील गांठीचा देंठ बंधनापर्यंत शोधीत नेऊन दाखविला, आणि आवरणाच्या त्या तुकड्यासह गांठ काढल्यास ती क्वचितच परतते असा अनुभव सांगितला. ‘कोशासकट’ आणि ‘निःशेष’ या दोन शब्दांस त्यांनीं ‘देंठासकट’ हा तिसरा जोडला. १९९५ पासून सांध्यांत बारीक दुर्बीण घालून आंतून देंठ कापण्याची पद्धतिही रूढ झाली.

मात्र वऱ्हाडांत या गांठीच्या इतिहासास आणखी एक बाजू आहे, आणि तिचा शस्त्रक्रियेशीं संबंध नाहीं. तो भीतीचा इतिहास आहे. २००० साली इंग्लंडमधील एका पाहणींत असें दिसलें, कीं गांठ दाखवावयास आलेल्यांपैकीं शेंकडा २८ जण ती कर्करोगाची असेल या भयानें आले होते; दुखते म्हणून आलेल्यांची संख्या त्याहून किंचित् कमीच होती. वऱ्हाडांत या भयांत महारोगाचीही भर पडे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ मध्यें, अमरावतीस तपोवन येथें डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ मध्यें आणि वरोऱ्याजवळ आनंदवनांत बाबा आमटे यांनीं १९४९ मध्यें कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. एवढ्या टापूंत अशा तीन संस्था निघाव्या लागल्या, यावरूनच त्या रोगाचें येथील ठाण कळून येतें. महारोग आधीं हातापायांच्या मज्जातंतूंवर हल्ला करतो. कोंपराशीं किंवा मनगटाशीं मज्जातंतु दोरीसारखा जाड होतो, क्वचित् त्यावर गांठही येते. अशा मुलखांत हातावर उंचवटा दिसला, कीं सोयरीक मोडण्याची भाषा निघे आणि मुलीच्या हातांतील बांगड्या मनगटाकडे सरकवून ठेवल्या जात.

वास्तविक दोन्हींतला फरक घरांतल्या माणसासही कळण्याजोगा आहे. महारोगांत कातडीच्या एखाद्या भागाची संवेदना जाते, चटका बसला तरी समजत नाहीं, आणि जाड झालेला मज्जातंतु लांबट लागतो. पाण्याची गांठ वाटोळी असते व तिच्यावरील कातडीस टोंचलेलें कळतें. त्यांतही महारोगावर १९८० नंतर बहुविध औषधांचा जो उपचार सर्वत्र आला त्यानें तो पूर्ण बरा होतो. तेव्हां लपविण्याचें कारण तेथेंही उरलेलें नाहीं.

दुसरा एक घोटाळा नांवाचा आहे, आणि तो अधिक धोक्याचा. तळहाताच्या बाजूस, मनगटाच्या घडीच्या वर व खालीं, अशी दुहेरी सूज कधीं कधीं येते. वरचा भाग दाबला कीं द्रव खालच्या भागांत सरकतो, आणि बोटानें चांचपतां आंत तांदुळाचे दाणे सरकल्याचा भास होतो. इंग्रजी वैद्यकानें यासही गँग्लियनचेंच नांव दिलें. पण हा बहुधा कंडरांच्या वेष्टनाचा क्षय असतो. आपल्या देशांत क्षयरोगाचें प्रमाण मोठें असल्यानें येथील वैद्यकीय विद्यार्थ्यांस ही सूज आवर्जून शिकविली जाते. तिजवर बुक्की, लेप आणि डाग तिन्ही घातक. क्षयाचीं औषधें महिनोन्महिने घेणें हाच तिचा मुख्य उपाय, मग जरूर तर शस्त्र. गांठ लाल व गरम होणें, ताप येणें, बोटें बधिर होणें, किंवा गांठ दगडासारखी घट्ट होऊन भराभर वाढणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर ती पाण्याची गांठ असें घरच्या घरीं ठरवूं नये. नखाजवळची गांठ तर सुईनें कधींच फोडूं नये. तिचा मार्ग सरळ सांध्यांत जातो व पू तेथें पोंचतो.

आतां प्रश्न उरतो तो खऱ्या पाण्याच्या गांठीचा. तिजवर काय करावें यापेक्षां कांहींच न केल्यास काय होतें, हें फारसें कोणी मोजून पाहिलें नव्हतें. तें काम इंग्लंडांत लीस्टर येथील डायस व त्यांचे सहकारी यांनीं केलें आणि २००७ मध्यें प्रसिद्ध केलें. पाठीवरील गांठीच्या २३६ रोग्यांची माहिती त्यांनीं सरासरी जवळजवळ सहा वर्षांनंतर पत्रानें विचारून गोळा केली. सुईनें द्रव काढलेल्या ७८ जणांपैकीं ४५ जणांची गांठ परत आली होती. शस्त्रक्रिया झालेल्या १०३ जणांपैकीं ४० जणांची परत आली होती. आणि ज्यांस केवळ ‘ही गांठ निरुपद्रवी आहे’ एवढें सांगून घरीं पाठविलें त्यांच्यापैकीं निम्म्याच्या आसपास लोकांची ती आपोआप नाहींशी झाली होती. दुखणें तिन्ही गटांत सारखेंच कमी झालें. तरीही समाधान विचारतां शस्त्रक्रिया करून घेतलेले लोक अधिक संतुष्ट, आणि त्यांत ज्यांची गांठ पुन्हा आली तेही! मनुष्यस्वभावाचा हा भाग कोणत्याही शस्त्रवैद्यास कापून काढतां आलेला नाहीं. अँजेलाइड्स-वॉलेस यांचा अनुभव व लीस्टरचे आंकडे यांत एवढी तफावत कां, याचें एक कारण उघड आहे. एकीकडे त्याच एका कामास वाहिलेले हात होते, आणि दुसरीकडे अनेक हातांनीं केलेलें रोजचें काम.

म्हणून आजचे विचारी वैद्य आधीं गांठीची ओळख पटवितात आणि मग रोग्यास विचारतात, कीं ती तुम्हांस दुखते, अडविते, कीं नुसती दिसते? नुसती दिसत असेल तर ते थांबावयास सांगतात. मुलांच्या बाबतींत तर हटकून, कारण त्यांच्या गांठी बहुधा जातात. दुखत असेल तर कामाच्या वेळीं मनगटास पट्टा बांधून त्याचें वळणें कमी करतात. पाठीवरील गांठींतून सुईनें द्रव काढणें हा थोड्या वेळाचा व थोड्या खर्चाचा उपाय. परत येण्याचा संभव आधीं सांगून तो करतात. आणि गांठ खरोखर जाचत असेल, किंवा मज्जातंतूवर तिचा दाब पडून हाताची शक्ति घटत असेल, तर शस्त्रक्रिया. हात तेवढा बधिर करून ती होते व रोगी बहुधा त्याच दिवशीं घरीं जातो.

शेंदूरजनाघाटच्या कलम बांधणाऱ्यास या सर्वांतून निवड करतांना आंकड्यांइतकाच हंगाम पाहावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर टांके निघेपर्यंत मनगट जपावें लागतें, पुढें तें मोकळें होण्यास व चाकूची घट्ट पकड परत येण्यास आणखी कित्येक आठवडे जातात, आणि तेवढ्यांत डोळे बांधण्याचे दिवस निघून गेले तर वर्षाची मिळकत गेली. म्हणून गांठ काढावयाचीच तर ती कलमांचें काम आटोपल्यावर काढावी लागते. तोंपर्यंत मनगटास पट्टा बांधून काम चालतें. आणि हंगामानंतरच्या विश्रांतींत ती गांठ कधीं कधीं लहान होते, तर कधीं शोधूनही सांपडत नाहीं.